मृत्युपत्राअलीकडची वर्षे

मृत्यूनंतर मालमत्तेचे काय व्हावे, यासंबंधी आपला कायदा पुष्कळसा स्पष्ट आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार साध्या कागदावर लिहिलेले, स्वाक्षरी केलेले आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले मृत्युपत्र वैध ठरते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. ते केलेच नाही, तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेची वाटणी १९५६ चा उत्तराधिकार कायदा पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखी करून देतो. कायदा अडखळतो तो मृत्यूच्या अलीकडे. माणूस हयात आहे, परंतु ज्या बुद्धीने सही करावयाची ती बुद्धी उरलेली नाही, अशा वर्षांसाठी आपल्या कायद्यात सरळ वाट नाही.

एखाद्या निवृत्त शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. सोसायटीतील सदनिका त्याच्या एकट्याच्या नावावर. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मुदत ठेवीत, त्याही एकट्याच्याच नावावर. कारण त्या पिढीत बँकेचे व्यवहार पुरुषाने पाहावयाचे असा रिवाज होता. सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश जडतो. ही काही विरळ आपत्ती नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोक, म्हणजे शेकडा ७.४, या विकाराने ग्रस्त आहेत. घरात रात्रंदिवस माणूस ठेवावे लागते, औषधांचा खर्च वाढतो आणि त्या खर्चासाठीच जन्मभर साठवलेला पैसा बँकेत असूनही पत्नीच्या हाती येत नाही. ठेव मोडण्यासाठी सही लागते, आणि सही करणाऱ्याला आपले नाव आठवत नाही. हात थरथरत असेल तर बँक दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घेते. परंतु ती सोय शरीराने दुबळ्या झालेल्या खातेदारासाठी आहे. कशावर अंगठा देत आहोत हे ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी ती नाही.

येथे घरची मंडळी म्हणतात, ‘मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले आहे ना!’ हा गैरसमज सुशिक्षितांतही सार्वत्रिक आहे. नामनिर्देशिताचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो, आणि तेव्हाही तो बहुधा मालक नसून वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितले; २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांच्यापुरता तेथे अपवाद झाला. कंपन्यांच्या भागांबाबत तेच तत्त्व न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नामनिर्देशित देता येतात. संख्या वाढली, अधिकाराची वेळ मात्र बदलली नाही.

मग उरते कुलमुखत्यारपत्र. दूरदर्शी माणसे शुद्धीत असतानाच ते करून ठेवतात आणि निश्चिंत होतात. पण १८७२ च्या करार कायद्यातील कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची बुद्धी ढळली की मुखत्याराचा अधिकार आपोआप संपतो. पावसाची पहिली सर येताच मिटणारी छत्री, असे या दस्तऐवजाचे स्वरूप आहे. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने बुद्धी गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र रीतसर नोंदवून ठेवता येते. आपण मूळ इंग्रजी तत्त्व जपून ठेवले, त्यावरील इंग्रजांची दुरुस्ती मात्र घेतली नाही.

पालक नेमून घ्यावा म्हटले, तर १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांचा समावेश आहे, वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचा नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्व संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्याच्या कल्पनेवर उभे आहे. विचारविनिमयच जेथे शक्य नाही तेथे ते अपुरे पडते. आश्चर्य असे की, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ चा नवा कायदा २०१८ पासून अमलात आला, त्याने रुग्णाच्या हक्कांची बूज राखली आणि ती तरतूद मात्र गाळली. नव्या कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त मानसिक उपचारांविषयी बोलू शकतो, मुदत ठेवीविषयी नाही.

परिणामी, बेशुद्ध वा स्मृतिभ्रष्ट माणसाच्या नातेवाइकांना घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जावे लागते. न्यायालये सहानुभूतीने वागतात. केरळ उच्च न्यायालयाने तर २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूत्रेच घालून दिली. परंतु पतीच्या औषधासाठी पतीचीच ठेव मोडावयाची, एवढ्याकरिता नाशिकच्या लिपिकाच्या पत्नीने मुंबईला वकील लावावा, हा न्याय फार महाग झाला.

मग प्रत्यक्षात काय घडते, हे कोणत्याही बँकेच्या शाखेत ठाऊक असते. मुलगा वडिलांचा हात धरून सही करून घेतो, किंवा स्वतःच गिरवतो. प्रामाणिक कुटुंब अशा रीतीने खोटेपणाला लागते आणि त्याच दाराने अप्रामाणिक नातेवाईकही आत येतो. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर वा शेतजमीन पती-पत्नी, मुले वा नातवंडांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. सवलत स्वागतार्ह, पण तिने घाईलाही उत्तेजन मिळते. बक्षीसपत्र करून घेऊन पुढे सांभाळ केला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येते. मात्र सांभाळ करण्याची अट त्या व्यवहारात होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२५ च्या निकालात न्यायालयाने हे कलम वृद्धांना अनुकूल अशा उदार दृष्टीने लावले, हे खरे. तरी अट दस्तातच लिहिलेली बरी.

म्हातारपणी मालमत्ता ही नुसती संपत्ती नसते, ती वागणुकीची हमीही असते. ती लवकर देऊन टाकावी तर हमी जाते, आणि शेवटपर्यंत एकट्याच्या नावावर धरून ठेवावी तर गरजेच्या वेळी गोठून बसते. म्हणून साठीतच पती-पत्नीने खाती व ठेवी ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो’ अशा पद्धतीने संयुक्त कराव्यात. पुष्कळ अडचण टळते. मुलाला सहखातेदार करताना मात्र तो सर्व रक्कम काढू शकतो याचे भान हवे. मृत्युपत्र करताना बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवावा. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा असेल तर तीही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली, आणि २०२३ पासून त्यासाठी दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन पुरते.

तथापि कुटुंबाच्या शहाणपणाने कायद्यातील पोकळी भरत नाही. सदनिका एकट्याच्या नावावर असेल, तर वरीलपैकी काहीही केले तरी ती भाड्याने देता येत नाही की विकता येत नाही. बुद्धी ढळल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची आणि दोन डॉक्टरांच्या दाखल्यानंतर ते अमलात येण्याची तरतूद संसदेला करता येईल. गैरवापर होईल, हा आक्षेप खरा आहे. पण गैरवापर आजही होतोच, फक्त त्याची कोठे नोंद होत नाही. आणि देखरेखीची पद्धतही नव्याने शोधावी लागणार नाही. व्यवस्थापकाने मालमत्तेची यादी आणि दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब जिल्हा न्यायालयाला सादर करावा, असे १९८७ च्या त्या रद्द झालेल्या कायद्यातच लिहिलेले होते.