ई-मेल आज्ञावली, लिनक्सवरील

लिनक्स कार्यकारी प्रणाली असलेल्या मेजावरील संगणकात ई-मेल पत्रे मागवून घेणे, वाचणे, लिहिणे, पाठविणे व जतन करणे ही कामे करणारी आज्ञावली. थंडरबर्ड, इव्होल्यूशन व केमेल या तीन आज्ञावली विशेष प्रचारात आहेत. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ई-मेल सेवेत पत्रे सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकावर राहतात. मेजावरील आज्ञावलीत ती, अंशतः वा पूर्णतः, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर साठतात. म्हणूनच तिचे अद्ययावतीकरण व दोषनिवारण या बाबींना इतर आज्ञावलींपेक्षा अधिक महत्त्व आहे. लेखनाची आज्ञावली बिघडल्यास काम खोळंबते. ई-मेल आज्ञावलीच्या दुरुस्तीत चूक झाल्यास पंधरा-वीस वर्षांचा पत्रव्यवहार नाहीसा होऊ शकतो.

या संदर्भात तीन घटक वेगळे ओळखावे लागतात : प्रत्यक्ष आज्ञावली, वापरणाऱ्याची खाती व मांडणी यांची नोंद आणि पत्रसाठा. पहिला घटक प्रणालीच्या मालकीच्या जागी, तर उरलेले दोन वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ‘होम’ फोल्डरमध्ये असतात. अद्ययावतीकरणात पहिला घटक पूर्णपणे बदलतो, दुसऱ्यात थोडे फेरफार होतात व तिसऱ्याला सहसा धक्का लागत नाही. आज्ञावली काढून टाकून पुन्हा बसविल्यास बिघाड जाईल, हा समज याच कारणाने बहुधा फोल ठरतो. बिघाड दुसऱ्या घटकात असतो आणि तो होता तसाच राहतो. पत्रे नष्ट होतात ती अद्ययावतीकरणाने क्वचित. घाबरून केलेल्या पुसापुशीने अधिक वेळा.

इतिहास : जाळ्यावरून दोन संगणकांमध्ये पत्र पाठविण्याची पद्धत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत सिद्ध केली. पत्र पाठविण्याचा एसएमटीपी हा संकेत व पत्राच्या रचनेचे प्रमाण ही दोन्ही १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्रे उतरवून घेण्याचा पीओपी संकेत १९८४ मध्ये व पत्रे मूळ ठिकाणीच ठेवून हाताळण्याचा आयमॅप संकेत १९८६ मध्ये पुढे आला. इंग्रजीखेरीज इतर लिपींतील मजकूर व जोडपत्रे यांची सोय करणारे माइम हे प्रमाण १९९२ मध्ये निघाले. लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी केला. तीवर प्रारंभी पाइन, एल्म, मट यांसारख्या केवळ अक्षरपटलावर चालणाऱ्या आज्ञावली वापरीत. चित्रमय पटलावरील इव्होल्यूशनची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ मध्ये व थंडरबर्डची २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. दूरध्वनीच्या तारेवरून मिनिटांच्या हिशोबाने जोडणी मिळे. त्यामुळे पीओपी पद्धतीने पत्रे झटपट उतरवून घेऊन जोडणी तोडणे सोयीचे होते. ती सवय पुढेही टिकली आणि अनेक कार्यालयांत जुन्या पत्रांची एकमेव प्रत एकाच संगणकावर उरली.

पत्रसाठ्याची रचना : थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकापुढे एक जोडून एकाच मोठ्या फाइलीत ठेवते. या पद्धतीस एमबॉक्स म्हणतात. तिच्या जोडीला एक लहान अनुक्रमणिका फाइल असते. यादीत दिसणारे विषय, प्रेषक व तारखा या अनुक्रमणिकेतून येतात. पत्र ‘काढून टाकले’ म्हणजे त्यावर केवळ काढल्याची खूण होते. जागा मोकळी होते ती फोल्डर संकोचित केल्यावर, म्हणजे खूण नसलेली पत्रे नव्या फाइलीत उतरवून जुनी फाइल टाकून दिल्यावर. मेलडिर या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. इव्होल्यूशन स्थानिक पत्रांसाठी तीच वापरते. एमबॉक्समधील फाइल बिघडल्यास तिच्यातील अनेक पत्रांना बाध येऊ शकतो; मेलडिरमध्ये सहसा एका पत्रापुरतेच नुकसान होते. केमेलची रचना याहून गुंतागुंतीची आहे. २०११ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून पत्रांची माहिती अकोनाडी नावाच्या मध्यस्थ सेवेकडे सोपविण्यात आली. या स्थित्यंतरात अनेकांना त्रास झाला व काहींनी आज्ञावलीच बदलली.

फाइलींच्या आकाराचा प्रश्न उद्योगांच्या ठिकाणी विशेष जाणवतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे व यंत्रभागांचे कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या पत्रव्यवहारात सुट्या भागांची रेखाटने, तपासणीचे दाखले व खरेदीपत्रे जोडपत्रे म्हणून येतात. जोडपत्र माइमच्या बेस-६४ या संकेतात बदलताना त्याचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. तीन मेगाबाइटचे रेखाटन पत्रसाठ्यात चार मेगाबाइट जागा घेते. तेच रेखाटन उत्तर-प्रत्युत्तरांत चार वेळा पाठविले गेले, तर ते साठ्यात चार वेळा असते. ‘आवक’ हा एकच फोल्डर वर्षानुवर्षे भरत ठेवण्यापेक्षा दर वर्षाचा वेगळा फोल्डर करणे त्यामुळे हिताचे असते. संकोचनाच्या वेळी जुनी व नवी अशा दोन्ही फाइलींपुरती जागा तबकडीवर मोकळी असावी लागते. ते चालू असताना वीज गेली की अनुक्रमणिका बिघडण्याचा संभव असतो.

अद्ययावतीकरण : लिनक्सवर आज्ञावली प्रायः वितरणाच्या भांडारातून बसविली जाते व प्रणालीच्या इतर भागांबरोबर अद्ययावत होते. थंडरबर्डची दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती वर्षातून एकदा निघते. ११५ वी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये, १२८ वी जुलै २०२४ मध्ये व १४० वी जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. आकड्यांतील मोठ्या उडीच्या वेळी जोड-आज्ञावलींची सुसंगती तपासावी लागते. २०२० मधील ७८ व्या आवृत्तीने गुप्तलेखनाची सोय अंगभूत केली व त्यासाठी पूर्वी लागणारी एनिगमेल ही जोड-आज्ञावली निरुपयोगी ठरली. ज्यांनी आपल्या किल्ल्या नव्या जागी आणल्या नाहीत, त्यांना स्वतःचीच जुनी गुप्त पत्रे वाचता येईनात.

अद्ययावतीकरणापूर्वी आज्ञावली पूर्ण बंद करून ‘होम’ फोल्डरमधील तिचा संपूर्ण संग्रह दुसऱ्या तबकडीवर उतरवावा. थंडरबर्डचा संग्रह आरंभी टिंब असलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. असे फोल्डर एरव्ही दिसत नाहीत. फाइलींच्या खिडकीत कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबल्यास ते दिसू लागतात. आज्ञावली चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. प्रत त्याच इमारतीत ठेवणेही पुरेसे नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूर शहरात शिरले. २०१९ मध्ये शाहूपुरीसारखा व्यापारी पेठेचा भागही पाण्याखाली गेला. तळमजल्यावरचा संगणक व त्याच्याच खणातील तबकडी एकाच पाण्यात भिजतात, मग प्रती दोन असून उपयोग नसतो.

दोषनिवारण : अद्ययावतीकरणानंतर सर्वाधिक भीती वाटते ती रिकाम्या पटलाची. आज्ञावली उघडते, जुने एकही पत्र दिसत नाही आणि नवे खाते उघडण्याची विचारणा होते. पत्रे गेली असे समजून नवे खाते उघडले जाते व गोंधळात भर पडते. वस्तुतः बहुतेक वेळा आज्ञावलीने वेगळा, कोरा संग्रह उघडलेला असतो. थंडरबर्डच्या २०१९ मधील ६८ व्या आवृत्तीपासून निरनिराळ्या ठिकाणी बसविलेल्या प्रतींसाठी निरनिराळे संग्रह नेमले जातात, तसेच नव्या आवृत्तीने वापरलेला संग्रह जुन्या आवृत्तीला उघडू दिला जात नाही. आवृत्ती पुन्हा मागे नेणे म्हणूनच अवघड असते. उबुंटूच्या एप्रिल २०२४ मधील आवृत्तीपासून थंडरबर्ड स्नॅप या बांधणीतून पुरविली जाते व तिचा संग्रह ‘स्नॅप’ नावाच्या फोल्डरच्या पोटात असतो. फ्लॅटपॅक बांधणीची जागा आणखी निराळी. आज्ञापटलावर आज्ञावलीच्या नावापुढे वजाचे चिन्ह व इंग्रजी मोठे ‘पी’ अक्षर लिहून ती सुरू केल्यास उपलब्ध संग्रहांची यादी मिळते व त्यांतून जुना संग्रह निवडता येतो. संग्रहाचा आकार हा चांगला निदर्शक आहे : कोरा संग्रह काही मेगाबाइटचा, तर जुना बहुधा कितीतरी मोठा असतो.

फोल्डरचे नाव दिसते पण पत्रे दिसत नाहीत, किंवा एका पत्रावर टिचकी मारता दुसरेच उघडते, ही लक्षणे अनुक्रमणिका बिघडल्याची होत. फोल्डरच्या गुणधर्मांतील दुरुस्तीची आज्ञा दिल्यास मूळ साठा वाचून अनुक्रमणिका नव्याने तयार होते. अनुक्रमणिकेची फाइल आज्ञावली बंद असताना पुसली तरी चालते. विस्तारनाम नसलेली, तिच्याच नावाची मोठी फाइल मात्र मुळीच पुसू नये, कारण पत्रे तीत असतात. पीओपी पद्धतीच्या खात्यात हा भेद न कळल्यास नुकसान कायमचे होते.

‘आज्ञावली आधीच चालू आहे’ असा संदेश येऊन ती उघडत नसेल, तर मागील वेळी ती नीट बंद झालेली नसते. तिची जुनी प्रक्रिया अजून चालू आहे काय ते आधी पाहावे. नसल्यास संग्रहातील कुलूप-फाइल काढावी. तबकडी काठोकाठ भरली असतानाही चमत्कारिक दोष दिसतात व त्यांचा उगम भलतीकडेच शोधला जातो.

जोडणीच्या दोषांत कारण अनेकदा दुसऱ्या टोकाला असते. थंडरबर्डच्या ७८ व्या आवृत्तीने टीएलएस या सुरक्षा संकेताच्या १.० व १.१ या जुन्या पायऱ्या मुळातच बंद ठेवल्या. ज्या संस्थांच्या ई-मेल सेवा जुन्याच पायरीवर होत्या, त्यांच्याकडील पत्रे येणे एकाएकी थांबले. त्या पायऱ्या पुन्हा खुल्या करता येतात, परंतु तो तात्पुरता उपाय समजावा व सेवा पुरविणाऱ्यास सुधारणा करावयास लावावी. गूगलने ३० मे २०२२ पासून व्यक्तिगत खात्यांना केवळ नाव व परवलीचा शब्द देऊन जोडणारी पद्धत बंद केली. त्यानंतर आज्ञावलीतील खात्याची ओळख पटविण्याची पद्धत बदलून ओऑथ-२ करावी लागते; परवलीचा शब्द पुनःपुन्हा लिहून काही साधत नाही. प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा सर्वच सेवांकडून एकदम येऊ लागला, तर प्रथम संगणकाची तारीख पाहावी. जुन्या यंत्रातील घड्याळाचा घटक संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि मग खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते.

यांपैकी काहीच लागू पडत नसल्यास जोड-आज्ञावली बंद ठेवून दोषशोधनाच्या अवस्थेत आज्ञावली सुरू करतात. दोष तेथे नाहीसा झाला, तर जोड-आज्ञावली एकेक करून तपासाव्यात. एका वेळी एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा.

मराठी पत्रांचे प्रश्न : अद्ययावतीकरणानंतर पत्र सुरक्षित असूनही वाचता न येणे हा दोष मराठी वापरणाऱ्यांच्या वाट्याला विशेष येतो. भारतीय लिपींसाठी इस्की हे राष्ट्रीय प्रमाण १९९१ मध्ये आले व युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तरीही त्यानंतर बराच काळ मराठी पत्रे इंग्रजी अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी आकार बसविलेल्या टंकांत लिहिली जात. अशा पत्रात साठविलेली असतात ती इंग्रजी अक्षरे. त्यांना मराठी रूप देतो तो टंक. नव्या प्रणालीत तो टंक नसला की पत्राच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. पत्रात टंकाचे नाव नोंदलेले असल्यास तो पुन्हा बसवून व पत्रांना स्वतःचे टंक वापरण्याची मुभा देऊन मजकूर वाचता येतो. साध्या मजकुराच्या पत्रात टंकाची नोंदच नसते. तेथे प्रेषकाच्या इतर पत्रांवरून टंक ओळखावा लागतो. थंडरबर्डच्या २०२१ मधील ९१ व्या आवृत्तीपासून संकेतांच्या लांबलचक यादीऐवजी ‘मजकूर-संकेत दुरुस्त करा’ अशा अर्थाची एकच आज्ञा उरली. ती अन्य संकेतांतील पत्रांना उपयोगी पडते, पण टंकाधारित पत्रांवर तिचा इलाज चालत नाही.

युनिकोड पत्रांचेही काही दोष आहेत. ‘व्यापाऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो : स्वतंत्र ‘ऱ’ वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पटलावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु एका रीतीने टंकलेला शब्द शोधताना दुसऱ्या रीतीने लिहिलेली पत्रे सापडत नाहीत. अशा वेळी ‘व्यापा’ एवढाच सामाईक भाग देऊन शोध घ्यावा. ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाला. त्यापूर्वीच्या टंकात त्याजागी रिकामी चौकट दिसते. विषयाच्या ओळीत मध्येच प्रश्नचिन्हे उमटणे हा दोष मात्र वाचणाऱ्याच्या आज्ञावलीचा सहसा नसतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ संकेतात तीन बाइट घेते. प्रेषकाच्या आज्ञावलीने लांब विषय तोडताना एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुकडा पाडला की ते चिन्ह दोन्ही बाजूंनी निकामी होते.

टंकाधारित जुनी पत्रे युनिकोडमध्ये रूपांतरित करणाऱ्या आज्ञावली आहेत. जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांच्या ठिकाणी त्या चुकतात, म्हणून रूपांतर नेहमी प्रतीवर करावे व मूळ पत्र जसेच्या तसे ठेवावे. करार, देणी-घेणी किंवा जमिनीचे व्यवहार यांसंबंधीची पत्रे जुना संगणक चालू आहे तोवर त्यावरच उघडून, टंक अंतर्भूत असलेल्या पीडीएफ रूपात काढून घ्यावीत. त्या फाइलीला पुढे टंकाची गरज राहत नाही.