चहाबरोबरचं खाणं

ऑपरेशननंतरचं ताट : लेखांक ९

गोळ्यांवर लिहितो असं मागच्या आठवड्यात म्हणालो होतो. ब-१२, लोह, कॅल्शियम, सगळं टिपण तयार आहे. पण मध्येच ताडकळसकडच्या एका ताईंचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून गोळ्यांकडे वळायला मन होईना. लेख आठवडाभर थांबेल. गोळ्या घेणं मात्र थांबवू नका.

ताईंचं वजन उतरवण्याचं स्लीव्ह ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. पहिलं वर्ष त्यांना भूक अशी लागलीच नाही, घरच्यांनी आठवण केली की जेवायच्या. आता सकाळी डोळा उघडला की पोटात खड्डा. जेवण चिमणीएवढं, तरी वजनाचा काटा हळूहळू वर सरकतोय. पोट परत मोठं झालं का, ऑपरेशन वाया गेलं का, आणि पथ्यात पहिल्यासारखं मन का लागत नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याला आधी हात घालतो, कारण पहिले दोन त्याच्यातच अडकलेत.

पहिल्या वर्षी पथ्य पाळलं ते आपल्या निश्चयावर, असं पेशंटला वाटतं आणि घरच्यांनाही. निश्चय असतोच, त्याला कमी लेखत नाही. पण त्या वर्षी निम्म्याहून जास्त काम शरीराने परस्पर केलेलं असतं. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक जपानच्या कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, त्यात हा फुगीर भाग जातो आणि घ्रेलिन धाडकन खाली येतं. शिवाय जेवल्यावर आतड्यातून तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरकं पूर्वीपेक्षा जोरात सुटतात. भूकच नसलेल्या माणसाला पथ्य पाळणं सोपं जातं. पुढे उतरलेल्या वजनाशी शरीर जुळवून घ्यायला लागतं आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांची भूक थोडीफार परतते. ताई, तुमचा निश्चय होता तिथेच आहे. शरीराने दिलेली सवलत तेवढी संपत आली.

काटा थोडा वर सरकणं हेही नवीन नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून ४०४७ स्थूल माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यात जठराच्या बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं, थोडं परत चढलं आणि दहाव्या वर्षी २५ टक्के घटीवर टिकून राहिलं. त्या अभ्यासात स्लीव्ह नव्हती, पण आलेखाची चाल मला माझ्या पेशंटमध्येही तशीच दिसते. आधी खोल उतार, मग थोडा चढ, मग सपाटी. तो थोडा चढ थोडाच राहावा, एवढं आपल्या हातात असतं.

आता ताईंचा दिवस. त्यांनी पत्रात तो इतका प्रामाणिकपणे लिहिलाय की मला निदान करायला वेगळं काही विचारावं लागलं नाही. सकाळी चहा, दोन टोस्ट. दहा वाजता शेजारीण येते, चहा आणि खारी. दुपारी वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी. चारला चहा, मुरमुऱ्याचा चिवडा. संध्याकाळी मुलं क्लासवरून येतात म्हणून मुरमुऱ्यांची सुशीला, त्यातली एक बशी त्यांची. पुन्हा चहा. रात्री मऊ खिचडी, दोन-चार घास.

या यादीत जेवण म्हणावं असं दोनदाच आहे, तेही पातळ आणि मऊ. बाकी सगळं चहाबरोबरचं. प्रथिनांचा हिशोब मांडला तर दिवसाकाठी तीस ग्रॅमच्या आसपास जातो. त्यांना लागतात किमान साठ. आणि साखर-दुधाचा प्रत्येक कप ऐंशी ते शंभर उष्मांक घेऊन येतो, तो जेवणात कुणी धरत नाही.

गेली कित्येक वर्षं मी जो एक विषय पेशंटच्या मागे लागून लागून बोलतो तो हाच. स्लीव्हनंतर जठराची एक अरुंद नळी उरते, फार तर शंभर-दीडशे मिलीलिटरची. तिचा सगळा उपयोग अन्न तिथे थोडा वेळ थांबण्यावर आहे. घट्ट उसळ, अंडं, पनीर, चावून खाल्लेली भाकरी तिथे थांबते, नळी ताणली जाते आणि पुरे झालं असा निरोप मेंदूकडे जातो. चहात बुडवलेला टोस्ट तोंडातच विरघळलेला असतो. मागून गरम चहा येतो, आणि थांबा नसलेल्या स्टेशनातून मालगाडी जावी तसं सगळं खाली निघून जातं. नळी भरतच नाही. तासाभरात पुन्हा खड्डा. अशा खाण्याला ऑपरेशनने घातलेली मर्यादा लागूच होत नाही. दिवसभरात वीस टोस्टही जातील, आणि तरी तो माणूस शपथेवर सांगेल की मला जेवण जात नाही. तो खरंच सांगत असतो.

या सवयीचं मूळ ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत आहे. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, असं करत साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीच्या घट्ट अन्नावर यायचं असतं. तो टप्पा अवघड जातो. घास मोठा झाला किंवा घाईत गिळला की छातीत अडकल्यासारखं होतं, कधी उलटी होते. एकदा तसं झालं की माणूस भाकरीला भितो. खिचडीने त्रास होत नाही, दूध-भाकरीच्या काल्याने होत नाही, चहा-टोस्टने तर मुळीच नाही. मग तो मऊ अन्नावरच मुक्काम ठोकतो आणि घरच्यांनाही वाटतं, पचतंय ते खाऊ द्या.

इथे दातांचा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. पन्नाशी-साठीच्या पेशंटला मी तोंड उघडायला लावतो. दोन्ही बाजूंच्या दाढा पडलेल्या असतील तर तो मटकी चावणार कशी? ऑपरेशनला काही लाख रुपये खर्च झालेले असतात आणि कवळी मात्र राहून गेलेली असते. पथ्यात मन लागत नाही असं म्हणणाऱ्या काही जणांना मी आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलंय, आणि कवळी बसल्यावर त्यांचं मन लागलेलंही पाहिलंय.

पोट परत मोठं झालं का, याची एक साधी परीक्षा घरी करता येते. आमच्या रेल्वे कॉलनीतले एक निवृत्त काका हाच प्रश्न घेऊन आले होते, तेव्हा मी ती माझ्यासमोरच करवली. काकूंनी डबा आणला होता: दोन उकडलेली अंडी, वाटीभर मटकीची कोरडी उसळ, पाव भाकरी. पाणी अर्धा तास आधीच बंद केलं. काकांना सांगितलं, सुपारीएवढा घास घ्या, पिठासारखा होईस्तोवर चावा, आणि दुसरा घास हातात घेण्याआधी हात ताटाबाहेर ठेवा. पहिलं अंडं गेलं. उसळीचे तीन-चार चमचे गेले. दुसऱ्या अंड्याच्या अर्ध्यावर काकांचं नाक वाहायला लागलं, त्यांनी रुमाल काढला, एक उचकी आली. मी म्हटलं, काका, थांबा, हेच ते. भाकरीला त्यांचा हात लागलाही नव्हता. नाक वाहणं, उचकी, शिंक, खोल सुस्कारा, यातलं काहीतरी बऱ्याच पेशंटना पोट भरण्याच्या अगदी काठावर होतं. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती एकदा ओळखली की पुढचा घास कुठे थांबवायचा ते कळतं. काकांची नळी शाबूत होती. तिला थांबणारं अन्न मिळालं नव्हतं, एवढंच. नळी काळानुसार थोडी सैल होते हे खरं, पण वजन परत येण्याचं खापर मी सगळ्यात आधी तिच्यावर फोडत नाही.

याच्या उलट कुणाला घट्ट घास कितीही चावला तरी उतरतच नसेल, रोज उलट्या होत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा. नळी कुठे आवळली गेलीय का ते त्यांना बघावं लागतं. तिथे मन लागण्याचा, न लागण्याचा प्रश्न नाही.

आता सुशीलेबद्दल. मराठवाड्यात राहून तिला नावं ठेवणं मला जमणार नाही, आणि ठेवायचीही नाहीत. पण मुरमुरे भिजवून पिळले की मोठी परात मूठभर होते, आणि ती मूठ चहाबरोबर सहज उतरते. प्रमाण उलटं करा. मोड आलेले मूग वाफवून वाटीभर, खरपूस भाजलेले शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची, लिंबू, आणि मुरमुरे वरून चिमूटभर, चव राहण्यापुरते. चमच्याने, चावून, चहाशिवाय. आमच्या घरी आता अशीच होते.

भाकरीचंही तेच. वरणात कुस्करू नका. कोरडीच घ्या, घट्ट पिठल्याशी किंवा उसळीशी, आणि ताटात तिची पाळी शेवटी ठेवा. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेला ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ वाण २०१८ मध्ये आला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. मिळाला तर घरात तोच दळून आणा, अख्ख्या कुटुंबाला चांगला. मात्र ज्वारीतली प्रथिनं शिजवल्यावर पचायला जड होतात, तेव्हा साठ ग्रॅमच्या हिशोबात भाकरीवर विसंबू नका. तो हिशोब अंड्याने (एकात सहा ग्रॅम), पनीरने (शंभर ग्रॅममध्ये अठराच्या आसपास), सोयाबीनच्या वड्यांनी, घट्ट डाळीने भरायचा.

राहता राहिला चहा. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावात चहा हे नुसतं पेय नाही. देवगिरी एक्स्प्रेसला कुणाला सोडायला गेलात, चहा. बँकेत ओळखीचा भेटला, चहा. कुणाच्या घरी गेलात आणि कप परत केलात तर यजमानाचा चेहरा उतरतो. ताईंची शेजारीण दहाला येते ती गप्पा मारायला, खारी हे निमित्त. म्हणून मी पेशंटना चहा सोडा म्हणत नाही. निम्मा कप घ्या, साखर हळूहळू पाव चमच्यावर आणा, पण चहाच्या बशीत खायचं काही नको. कपाबरोबर आलेली प्लेट पहिल्याच क्षणी समोरच्याकडे सरकवा. प्लेट समोर राहिली की बोलता बोलता हात जातोच. शेजारणीला सरळ सांगा, वैनी, तुम्ही या, खारी आणू नका. ऑपरेशन लपवू नका. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत वजन उतरवण्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि ते जगजाहीर आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्यांचंच नाव घेऊन विषय काढतात. लपवणाऱ्या माणसाला आग्रह मोडताना दर वेळी नवं कारण शोधावं लागतं, आणि त्यातच तो थकतो.

टोस्टचा पुडा घरात असेपर्यंत मात्र यातलं काही टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मुलांसाठी आणलाय, पाहुण्यांसाठी आणलाय, अशी कारणं मला रोज ऐकायला मिळतात. पाहुण्याला फुटाणे-शेंगदाणे द्या, आपल्याकडे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. रोज सकाळी पुड्यासमोर उभं राहून नको म्हणण्यात जी ताकद जाते, ती किराण्याच्या यादीतून एक ओळ खोडायला लागत नाही.

आणि वजनकाट्यावरून रोज उतरू-चढू नका. पहिल्या वर्षी तो काटाच तुम्हाला हुरूप देत होता, दर आठवड्याला आकडा खाली. आकडा थांबला आणि हुरूपही थांबला. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, उठल्यावर वजन करा. मधल्या दिवसांत दुसरं काहीतरी मोजा. काका स्टेशनचा दादरा मोजतात: पूर्वी मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभे राहायचे, आता पिशवी घेऊन एका दमात पलीकडे उतरतात. तुमच्या पत्रात साखरेच्या गोळीचा उल्लेख आहे, ऑपरेशनआधी दोन होत्या, आता अर्धी. ते तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. मी असतो तर पत्राची सुरुवातच तिथून केली असती.

तर ताई, आठ दिवस एवढंच करा. टोस्ट, खारी, चिवडा बंद. दिवसातून तीन वेळा घट्ट जेवण, सुपारीएवढे घास, पाणी जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास दूर. मधे भूक लागली तर अंडं किंवा मूठभर फुटाणे, बसून, चावून. पोट भरल्याची तुमची खूण कोणती, तेवढं मला लिहून कळवा. इतर वाचकांनीही कळवा. उचकी आणि वाहतं नाक यांच्यापलीकडच्या खुणांचा मला नेहमी शोध असतो.

पुढच्या आठवड्यात गोळ्या. तोवर चहाशी संबंधित एकच गोष्ट: लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे घेऊ नका, किमान एक तास अंतर ठेवा. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तापर्यंत पोहोचू देत नाहीत. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर नको, दोघींत दोन तास हवेत. का, ते सविस्तर पुढच्या वेळी.