पाणी तापते की भिंत?

गावात आता गॅस आला आहे. तरी पुष्कळ घरांत अंघोळीचे पाणी जळणावरच तापते. ते साहजिक आहे. पाच-सहा माणसांच्या अंघोळीला गॅस जाळला, तर टाकी महिनाभर पुरायची नाही. पण जळण तरी फुकट का असते? ते रानातून डोक्यावर आणावे लागते. आणि आणते कोण? बहुतेक घरची बाईच.

वाळवे तालुक्यात एका घरी आम्ही सकाळी गेलो होतो. परड्यात तीन दगडांवर हंडा ठेवला होता. जाळ हंड्याच्या दोन्ही अंगांनी वर चालला होता. घरच्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "पाणी कुठलं तापतंय बाबा, नुसती भिंत तापतीया!"

मावशींचे बोलणे खरे होते. हिशेब करून पाहा. १५ लिटरची बादली न्हाण्याजोगी तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी सुमारे १०० ग्रॅम वाळक्या लाकडात असते. उघड्या जाळावर मात्र किलोभर लाकूड जाते. म्हणजे दहा काटक्यांतली एक पाण्याला आणि नऊ वाऱ्याला!

गुऱ्हाळात असे चालत नाही. कऱ्हाडकडे गूळ करताना पाहा. काहील चुलवाणावर अशी बसवतात, की तोंडाला फट राहत नाही. जाळ साऱ्या बुडाखालून फिरतो, मगच धुराड्यात जातो.

आपला जुना बंब याहून हुशार आहे. हंड्याला जाळ बाहेरून लागतो. बंबात तो पाण्याच्या पोटातच असतो. मधे उभी नळी, नळीत विस्तव आणि भोवती सगळीकडे पाणी. जाळ वर जाता जाता नळी तापवतो, नळी पाणी तापवते. खाली जाळी असते. तिच्यातून राख पडते आणि हवा वर येते. म्हणून काटकी नीट जळते, धूर कमी होतो. तांबे उष्णता झटकन पुढे देते, म्हणून जुने बंब तांब्याचे. पत्र्याचे स्वस्त मिळतात, पण लवकर गंजतात.

मावशींच्या माळ्यावर सासूबाईंच्या वेळचा बंब पडून होता. "त्याला लई येळ लागतो," म्हणून टाकून दिलेला. आम्ही तो खाली काढला. नळीला काजळीचा जाड थर होता. आत खाऱ्या विहिरीच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला होता. एकीकडून काजळी, दुसरीकडून क्षार. दोन घोंगड्या पांघरल्यावर ऊब पाण्यापर्यंत पोचणार कशी? मग नळी काथ्याने घासली. आत चिंचेचे पाणी रात्रभर ठेवून सकाळी ओतून टाकले. जाळी गंजून गेली होती, ती लोहाराने नवी करून दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, तरी काढून ठेवलेली लाकडे उरली. मावशी म्हणाल्या, "आत्याबाई उगाच जपत नव्हत्या त्याला."

जळण मात्र वाळके हवे. ओले लाकूड आधी आपले पाणी आटवते, मग तुमचे तापवते. उसाचे पाचट भक्कन पेटते आणि विझते. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत बसवली. तिला २००२ साली इंग्लंडातले ॲश्डेन पारितोषिक मिळाले. अशी कांडी सावकाश जळते.

पण कोळसा असो की लाकूड, बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. विस्तवातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो, जीवही जातो. बंब उघड्यावर पेटवा आणि पाणी आत न्या. पाणी भरल्याशिवाय पेटवू नका, नाहीतर सांधे उकलतात. वाफ जायची वाटही कधी बुजवू नका.

ऐपत असेल तर छपरावर सौरबंब बसवावा, मग जळणच नको. जत, माण, खटावकडे ऊन भरपूर आहे. खारे पाणी मात्र त्याच्या नळ्यांनाही सोडत नाही. आणि पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात ऊनच दिसत नाही. तिथे जुना बंब माळ्यावर टाकून चालायचे नाही.