द्राक्षबागेवरचं छप्पर

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात वर्षाला दोन छाटण्या होतात: एप्रिलच्या सुमारास खरड, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी. गोडी छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस आला की डाऊनी रोग आणि गळकूज. मणी पिकताना आला की मण्यांना तडे. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन हा उपाय खरा, पण एकरी खर्च लाखांत जातो आणि लहान बागायतदाराला अनुदानाशिवाय तो झेपणं कठीण. बागलाणात छाटणी आधीच उरकून हंगामापूर्वीचा चढा भाव गाठतात; पाऊस सरलेला नसल्याने हा जुगारच. अडचण फक्त पावसाची नाही: पाणीटंचाई आणि क्षारपड जमिनीसाठी डॉगरिज खुंटावरची कलमं केव्हाच रुजली. तासगावकडे आधार बेदाण्याचा: द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात, मग माल शीतगृहात भावाची वाट पाहू शकतो. अर्थात वाळवणालाही कोरडी हवाच लागते.