तीन दिवस, हजार नट आणि एक ट्रॅफिक सर्कल

नाटकात समुद्र हवा असेल तर नेपथ्यकार निळं कापड हलवतो. पोर्ट टॅल्बटमध्ये मात्र खराखुरा समुद्र होता आणि तो कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे पोलादाचं गाव. एप्रिल 2011 मध्ये, गुड फ्रायडे ते ईस्टर, इथे ‘द पॅशन’ नावाचं नाटक झालं. ख्रिस्ताचे शेवटचे दिवस आजच्या पोर्ट टॅल्बटमध्ये घडले असते तर कसे घडले असते, अशी त्याची कल्पना. पहिला प्रवेश भल्या पहाटे, अ‍ॅबरॅव्हनच्या पुळणीवर.

ही पुळण ज्या स्वान्सीच्या उपसागरावर आहे तिथे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेआठ मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे जवळजवळ तीन मजले! त्यातून ईस्टर हा पौर्णिमेला बांधलेला सण: वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतर येणारा रविवार. त्या वर्षी आपल्याकडे सोमवारी हनुमान जयंती झाली आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी तिकडे नाटक सुरू झालं. चंद्र एकच, उधाणही त्याचंच. अशा नाटकाचं वेळापत्रक आखणाऱ्याला संहितेच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडावं लागतं. नाट्यगृहात हे काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. इथे त्याच्यावर सगळा डोलारा उभा असतो.

करणारे कोण होते, ते आधी सांगतो. ‘नॅशनल थिएटर वेल्स’ ही तेव्हा नवी संस्था होती आणि तिला स्वतःचं नाट्यगृहच नव्हतं. पहिल्या वर्षात तिने वेल्समध्ये ठिकठिकाणी तेरा नाटकं केली, त्यांतलं हे शेवटचं. जोडीला कॉर्नवॉलची ‘वाइल्डवर्क्स’. जागा निवडायची, तिथल्या लोकांत राहायचं आणि त्यांच्यासोबतच नाटक उभं करायचं, हा तिचा धंदाच. संहिता ओवेन शीअर्स या वेल्श कवीची. मुख्य भूमिकेत मायकल शीन, ‘द क्वीन’ सिनेमात टोनी ब्लेअर झालेला तोच. तो याच गावात वाढला, आणि इथल्या मार्गम पार्कमध्ये होणारी येशूच्या जीवनावरची नाटकं त्याने लहानपणी पाहिलेली. शिवाय गावातले हजारांहून अधिक लोक.

हजार हौशी माणसं म्हटल्यावर आपल्याला गॅदरिंग आठवतं, आणि पोटात गोळा येतो. इथेच या कामातली खरी कारागिरी दिसायला लागते.

शीअर्सने नायक कसा रचला ते बघा. हा ‘शिक्षक’ गावातून चाळीस दिवस नाहीसा झालेला असतो. परत येतो तेव्हा स्वतःबद्दल काहीच आठवत नसतं. म्हणून तो उपदेश करत नाही, समोरच्याला विचारतो आणि ऐकतो. नाटककाराच्या दृष्टीने ही भलतीच हुशार युक्ती आहे. नायक बोलका असता तर गावातली माणसं त्याच्याभोवती नुसती गर्दी म्हणून उभी राहिली असती. तो ऐकतो म्हटल्यावर प्रत्येकाला सांगण्यासारखं काहीतरी मिळतं. ज्याने आयुष्यात कधी रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही त्याला अभिनय करायला सांगितला की तो ताठरतो. ‘तुमचं घर कुठे होतं?’ एवढं विचारलं की हात, डोळे, आवाज सगळं जागच्या जागी येतं. क्रुसावर चढल्यावर शिक्षकाला सगळं आठवतं, आणि तो बोलू लागतो ते गावातल्या पुसल्या गेलेल्या जागांची, माणसांची नावं. ती नावं लेखकाच्या डोक्यातून आलेली नाहीत. ती गावाने त्याच्या पदरात टाकलेली.

ती गोळा करणं हेही एक स्वतंत्र काम. वाइल्डवर्क्समध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या मर्सिडीज केम्प यांनी ते वर्षानुवर्षं केलं. त्या लेखिका, पण बैठक टेबलावरची नाही. गावाचे दप्तरखाने, दफनभूमी, बसथांबे, म्हाताऱ्यांचे अड्डे, जिथे आठवणी पडलेल्या असतात तिथे जायचं आणि बसायचं. नाटकात काम करणार का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला तर बहुतेक माणसं ‘छे छे’ म्हणून दार लावतात. जुना फोटो पुढे ठेवून हे कोण म्हणून विचारलं तर चहा होतो, दुसरा फोटो निघतो, शेजारीण येते.

आता नेपथ्य. वाइल्डवर्क्सचे बिल मिचेल, या नाटकाचे शीनसोबतचे दिग्दर्शक, मुळात नेपथ्यकार. 2017 मध्ये ते गेले. अशा नाटकातला नेपथ्यकार उभारतो कमी आणि बघतो जास्त. पोर्ट टॅल्बटमध्ये लुएलिन स्ट्रीट नावाची गल्ली आहे. 1960च्या दशकात गावावरून महामार्ग नेला, तेव्हा गल्लीची एक बाजू गेली. उरलेल्या घरांची दारं आता काँक्रीटच्या खांबांकडे तोंड करून उभी आहेत आणि वरून रात्रंदिवस गाड्या जातात. नाट्यगृहात हे दृश्य उभं करायला लाख खर्च करा, प्रेक्षकाला ते खोटंच वाटेल. इथे खांबाखाली उभं राहिलं की झालं. नाटकात गावावर डोळा ठेवणारी एक काल्पनिक कंपनी आहे, तिलाही गावाच्या छातीवरून रस्ताच न्यायचाय. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नसेल.

मागे सतत पोलाद कारखान्याच्या भट्ट्या. त्या कारखान्याचा मालक 2007 पासून आपला टाटा उद्योगसमूह. म्हणजे या नाटकाच्या मागच्या पडद्याची दोरी एका अर्थी मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्ये होती.

आणि नट? शीनसारख्या कसलेल्या नटाचंही इथे अर्धं शिक्षण उपयोगाचं नाही. विंग नाही, काळोख नाही, घोटभर पाणी प्यायला आडोसा नाही. प्रेक्षक हाताच्या अंतरावर, त्यातले निम्मे त्याला शाळेपासून ओळखणारे. कुणी नावाने हाक मारली, पोर पायात आलं, वारा सुटला, तर भूमिका न सोडता त्याला सामावून घ्यायचं, आणि तेही सलग तीन दिवस. ‘शेवटचं भोजन’ गावातल्या सोशल क्लबमध्ये झालं आणि तिथे ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ हा वेल्सचा नावाजलेला बँड वाजला. स्थानिक बँड आणि गायकवृंदही नाटकात होते. अशा मंडळींची किंमत आयोजकाला विचारावी. सुटी शंभर माणसं जमवली की शंभर फोन करावे लागतात. एक गायकवृंद जोडला की त्याची शिस्त, त्याचा म्होरक्या आणि तालमीची ठरलेली संध्याकाळ आयती मिळते. तरी कारखान्याच्या पाळ्या असणाऱ्या गावात कोण दिवसपाळीला, कोण रात्रपाळीला, याचा तक्ता सांभाळणाऱ्या बिचाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. माझ्या मते त्याचं नाव श्रेयनामावलीत वरच्या ओळीत हवं.

सगळ्यात विस्मय वाटतो तो गर्दीचा. शेवटच्या दिवशी शिक्षक क्रूस घेऊन गावातून समुद्रकिनाऱ्याकडे निघाला आणि हजारो लोक मागून चालू लागले. किनाऱ्यालगत वाहतुकीचं एक साधं गोल सर्कल आहे; क्रूस तिथे उभा राहिला. आता या हजारोंत प्रेक्षक कोण आणि नट कोण? मूळ कथेतही रस्त्याच्या कडेने बघणारी गर्दी आहेच. म्हणजे हौसेने बघायला आलेला माणूसही, त्याच्या नकळत, भूमिकेत शिरलेला. त्या गर्दीच्या कडेने चमकदार जॅकेट घालून उभे असणारे स्वयंसेवक वाट मोकळी ठेवतात, रुग्णवाहिकेला जागा राखतात, आणि प्रसंगाचा ताण मात्र तुटू देत नाहीत. वारीत चोपदाराने दंड वर केला की टाळ-मृदंग थांबतात आणि दिंड्या शांत होतात, तसलं हे काम: दरारा हवा, पण आरडाओरडा नको. चुकीच्या क्षणी शिट्टी वाजली तर क्रुसाखालचा सगळा प्रसंग मातीमोल.

हे सगळं एवढ्या मोठ्या प्रमाणावरच जमतं असंही नाही. ऑगस्ट 2014 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीला, वाइल्डवर्क्सने कॉर्नवॉलमध्ये मेवागिसी बंदर आणि हेलिगनच्या बागा इथे एक नाटक केलं. हेलिगनच्या माळ्यांनी ऑगस्ट 1914 मध्ये आपली नावं भिंतीवर पेन्सिलीने लिहिली होती. कुठल्या भिंतीवर? त्यांच्या संडासाच्या! त्यातले कित्येक युद्धावर गेले आणि परतले नाहीत. जागा वाचता येणाऱ्या माणसाला ती भिंतच अख्खी संहिता.

‘द पॅशन’चा दुसरा प्रयोग झाला नाही, होणारही नाही. डेव्ह मॅकीनने त्यावरून ‘द गॉस्पेल ऑफ अस’ हा सिनेमा केला, तो 2012 मध्ये आला. नाटकाचा मागचा पडदा झालेल्या त्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टीही 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाली. नाटकाच्या त्या तीन दिवसांनीच शीनला पुन्हा वेल्समध्ये ओढून आणलं, असं तो स्वतःच सांगत आलाय. दरम्यान नॅशनल थिएटर वेल्सचं अनुदान थांबलं. मग जानेवारी 2025 मध्ये शीनने ‘वेल्श नॅशनल थिएटर’ ही नवी संस्था जाहीर केली. पहिलं नाटक निवडलं ते थॉर्नटन वाइल्डरचं ‘अवर टाउन’, आणि जागा स्वान्सीचं ग्रँड थिएटर. नीट छप्पर, खुर्च्या, पडदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जरा हिरमुसलो. पण निवड गमतीची आहे: हेही नाटक एका गावाचंच, फक्त वाइल्डरने ते लिहिलंय जवळजवळ रिकाम्या रंगमंचासाठी, दोन टेबलं आणि थोड्या खुर्च्यांवर.