दवाखान्याच्या फेऱ्यांचा हिशेब
मोटार अपघातातील जखमीचा दवाखान्यात येण्या-जाण्याचा खर्च हा उपचारखर्चाचाच भाग असतो. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात भरपाईची शीर्षे ठरवून दिली. त्यांतल्या पहिल्याच शीर्षात औषधे आणि पोषक आहाराबरोबर वाहतूकही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करताना हा खर्च मागता येतो. मात्र पुष्कळ अर्जांत ‘वाहतूक, विशेष आहार व इतर’ अशी एकच ठोक रक्कम लिहिलेली असते, आणि न्यायाधिकरणही मग अंदाजानेच आकडा घालते. मांडणीतल्या या आळसाने जखमीच्या हक्काचे पैसे बुडतात.

खर्च सिद्ध होतो तो तारखांच्या जुळणीने. माण तालुक्यातल्या गावातून मांडीचे हाड मोडलेला शेतमजूर पुण्याला तपासणीसाठी नेला जातो, तेव्हा पाय दुमडत नसल्याने तो एसटीच्या बाकावर मावत नाही. स्पेशल गाडीच करावी लागते. गाडीवाल्याच्या पावतीवर तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि रक्कम हवी. त्याच तारखेची नोंद केसपेपरवर असेल, तर पावतीला वजन येते. नुसत्या पावत्यांचा गठ्ठा उलटतपासणीत टिकत नाही. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या पावत्या विमा कंपनीचे वकील लगेच हेरतात. रक्कम मोठी असेल तर गाडीवाल्यालाच साक्षीला आणणे चांगले.

पाय टेकू लागला की एसटी सुरू होते. यंत्रातून निघालेल्या तिकिटावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी लागते. वडापला, म्हणजे सीटवर चालणाऱ्या खासगी जीपला, तर तिकीटच नसते. तिथे केसपेपरवरची तारीख आणि त्या मार्गाचे एसटी भाडे यांवरून खर्च दाखवता येतो. या दाव्यांत पुरावा शक्यतेच्या पारड्यावर तोलला जातो, फौजदारी खटल्याइतका काटेकोर लागत नाही. सर्वाधिक फेऱ्या फिजिओथेरपीच्या होतात आणि नेमके कागद त्यांचेच नसतात. हजेरीच्या कार्डावर दर वेळी सही-शिक्का घेतला, तर ही उणीव भरून निघते.

समजा, सहा फेऱ्या स्पेशल गाडीने, प्रत्येकी ३,५०० रुपये: २१,०००. आठ फेऱ्या एसटीने, जखमी आणि सोबतचा माणूस मिळून प्रत्येकी ६०० रुपये: ४,८००. एकूण २५,८००. सोबतीची गरज डॉक्टरांच्या कागदावर नोंदलेली असावी. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, तिचा खर्च मागता येत नाही. महिलांना एसटीत निम्मे भाडे पडते, तिथे निम्मेच लिहायचे. एक फुगवलेला आकडा उघड झाला की खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

अर्ज दाखल होतो तेव्हा बहुधा उपचार चालूच असतात. म्हणून फेऱ्यांचा पूर्ण तक्ता सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्रासोबत देतात: तारीख, कारण, वाहन, रक्कम आणि पावतीचा निशाणी क्रमांक. हाडात बसवलेली सळई काढण्याची शस्त्रक्रिया बाकी असेल, तर त्या फेऱ्यांचा खर्च भावी उपचाराखाली वेगळा मागायचा. त्यासाठी डॉक्टरांची साक्ष लागते.