संग्रहालय पाहावें तें एकट्यानें कीं वाटाड्यासह?

मोठें कलासंग्रहालय पाहावयाचें ठरलें कीं घराघरांतून एक वाद निघतो. एक पक्ष म्हणतो, माहितगार मनुष्य बरोबर असल्यावांचून ते फुटके दगड आणि तीं जुनीं चित्रें पाहून काय समजणार? दुसरा म्हणतो, मागून कोणी हांकीत आहे अशा रीतीनें कला पाहण्यापेक्षां घरीं बसलेलें बरें. दोन्ही पक्षांचें म्हणणें मीं पुष्कळ वेळां ऐकलें आहे. माझ्या मतें दोघेही सगळें संग्रहालय म्हणजे एकाच जातीची वस्तु असें धरून बोलतात, आणि घोटाळा येथेंच होतो. एकाच इमारतींत कांहीं वस्तु अशा असतात कीं त्या सांगणाऱ्यावांचून मुक्या राहतात. आणि कांहीं अशा कीं सांगणारा जवळ आहे तोंवर त्यांच्याशीं आपली ओळख होत नाहीं.

प्रथम थकव्याचा विचार करूं, कारण संग्रहालयाचा खरा शत्रु तोच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत सुमारें ३५,००० वस्तु मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढें अर्धा मिनिट उभें राहावयाचें म्हटलें तर १७,५०० मिनिटें, म्हणजे २९१ तासांहून अधिक वेळ लागेल. रोज आठ तास चाललें तरी छत्तीस दिवस पुरणार नाहींत. हिशेब तिसरीच्या मुलाला करतां येईल असा आहे. परंतु तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या भरांत मोठ्या माणसांना तो सुचत नाहीं. अमेरिकेंत बोस्टनच्या ललितकला-संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन आयव्हस गिलमन यांनीं १९१६ सालीं ह्याच थकव्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. एका मनुष्याला कपाटांतील वस्तु पाहून कांहीं साध्या प्रश्नांचीं उत्तरें शोधावयास सांगून, तो कसा वांकतो, कसा गुडघे मोडून बसतो, मान कशी ताणतो, ह्याचीं त्यांनीं छायाचित्रें घेतलीं. पाहणारा दमतो तो पुष्कळसा पाठीनें आणि मानेनें, हें त्यांनीं दाखवून दिलें. मौज अशी कीं, प्रेक्षकांबरोबर हिंडून वस्तु समजावून देणारी माणसें नेमण्याची त्या संग्रहालयांतील प्रथाही ह्याच गृहस्थांच्या पुढाकारानें १९०७ च्या सुमारास सुरू झाली. वाटाड्याचा पहिला उपयोग मला येथें दिसतो. काय सोडून द्यावें, हें तो ठरवितो. ज्ञान वगैरे नंतरच्या गोष्टी.

आतां आपलें मुंबईचें संग्रहालय घेऊं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं ह्याची कोनशिला बसली, तीं जॉर्ज विटेट यांनीं योजिलेली इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळांत लष्करी रुग्णालयासाठीं वापरली गेली, आणि १० जानेवारी १९२२ रोजीं लोकांना संग्रहालय म्हणून खुली झाली. प्रिन्स ऑफ वेल्स हें पूर्वींचें नांव जाऊन १९९८ सालीं तें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालें. पुष्कळ लोक घुमटाखालून घाईनें पुढें जातात. ह्या घुमटामागें विजापूरचा गोल घुमट आहे, आणि आंतील नक्षीदार लांकडी महिरपी नाशिकच्या एका वाड्यांतून आणलेल्या आहेत, हें बरोबरच्या माहितगारानें सांगितलें म्हणजे पाय आपोआप थांबतात.

शिल्पांच्या दालनांत तर वाटाड्या हवाच, असें माझें स्पष्ट मत आहे. ऐहोळेच्या देवळांतून आलेल्या ब्रह्मदेव, शेषशायी विष्णु व शिव यांच्या मोठ्या शिळा तेथें आहेत. एकट्यानें पाहणाऱ्यास कारागिरी दिसेल, अवयवांची ठेवण दिसेल. परंतु ह्या शिळा देवळाच्या छतांत बसविलेल्या होत्या आणि सातव्या शतकांतील भाविक त्या मान वर करून, अर्धवट उजेडांत पाहत असे, ही गोष्ट शिळेकडे कितीही वेळ टक लावून पाहिली तरी कळावयाची नाहीं. ती कळली कीं मूर्तींची मांडणी निराळीच दिसूं लागते. तीच गोष्ट मीरपूरखासच्या बौद्ध स्तूपांतील भाजक्या मातीच्या मूर्तींची. १९०९-१० सालीं हेन्री कझिन्स यांनीं सिंधमध्यें तो स्तूप उकरला. सिंधमधील बुद्ध मुंबईंत कां, असा प्रश्न मुलें विचारतात आणि तो योग्यच आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, हें त्याचें उत्तर. हे बुद्ध विटांच्या स्तूपाच्या कोनाड्यांत बसलेले होते. दगडाचा दुष्काळ असलेल्या त्या सपाट प्रदेशांत कारागिरानें पायाखालची माती घेऊन काय साधलें, हें ऐकल्यावर हातांत कमळ घेतलेल्या त्या पुरुषाकडे आपण पुन्हां पाहतों, आणि ह्या खेपेस अधिक वेळ पाहतों. मूळ जागेवरून उपटून आणलेल्या वस्तूला तिची जागा परत देणें, हें काम डोळ्यांचें नव्हे. तें शब्दांनींच व्हावयास पाहिजे.

लघुचित्रांच्या दालनांत नेमकें उलट आहे. मोगल, राजस्थानी, पहाडी, दक्षिणी अशीं हीं चित्रें बहुतेक पोथीचीं किंवा चित्रसंग्रहाचीं पानें. एकानें हातांत धरावीं, फार तर शेजारच्यास दाखवावीं, एवढ्यासाठींच तीं काढलेलीं. रंग उडूं नयेत म्हणून त्यांवर उजेडही बेताचाच ठेवावा लागतो. अशा तळहाताएवढ्या चित्रापुढें वीस माणसांचा घोळका उभा केला तर पुढच्या तिघांना चित्र दिसतें, उरलेल्या सतरांना पुढच्या तिघांच्या पाठी. येथें वाटाड्यास नमस्कार करून निरोप द्यावा. नाकाच्या शेंड्याइतक्या अंतरावरून झाडाचें पान न् पान पाहावें, कोपऱ्यांतील माकड किंवा पाण्याचा घडा आपला आपण शोधावा. हा शोध दुसऱ्यानें सांगितला कीं फुकट गेला. सर रतन टाटा व सर दोराब टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आलेलीं युरोपीय तैलचित्रें तर मागें-पुढें चालून पाहावयाचीं. जवळून नुसते रंगाचे फटकारे, दहा पावलें मागें सरावें तों त्यांचें रेशीम होतें. मंडळीबरोबर हिंडतांना अशी येरझार घालण्याची सोय नसते.

वाटाड्यांचेही प्रकार असतात. चित्राची किंमत व मूर्तीचें वजन सांगणारा वाटाड्या टाळावा. "ह्या तसबिरींतील डोळे तुमच्यामागें फिरतात" असें सांगून आश्चर्य करावयास लावणाराही त्याच वर्गांतला. समोर पाहणारा कोणताही चेहरा सपाट कागदावर काढला कीं तो कोठूनही आपल्याकडेच पाहतो. आपल्या भिंतीवरील आजोबांची तसबीर हेंच करते. चांगला वाटाड्या प्रथम "तुम्हांला काय दिसतें?" असें विचारतो आणि मग गप्प बसतो. हल्लीं कानाला लावावयाचें यंत्रही मिळतें. त्याचा मोठा गुण हा कीं त्याला मध्येंच थांबवितां येतें, आणि त्याला राग येत नाहीं. पण प्रश्न विचारला तर त्याच्याजवळ उत्तर नसतें.

माझें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें, म्हणून मुलांविषयीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार घेतों. चाळीस मुलांची रांग दालनांतून चालवून आणली म्हणजे त्यांना पुढच्या मुलाची टोपी तेवढी पाठ होते, आणि संग्रहालयाचा कंटाळा जन्मभर पुरतो. आईबापांनीं घरच्या दोघातिघांनाच न्यावें. शिल्पांच्या दालनांत प्रथम मुलांना मोकळें सोडावें, प्रत्येकानें एकच मूर्ति निवडावी, आणि ती कां आवडली हें माहितगाराचें भाषण सुरू होण्यापूर्वींच विचारून घ्यावें. नंतर तासभर माहितगाराबरोबर फिरावें. त्याचें झाल्यावर मुलाला त्याच्या मूर्तीपाशीं परत न्यावें आणि स्वतः दोन पावलें मागें उभें राहावें. लघुचित्रांसाठीं अर्धा तास पुरे. पाय दुखूं लागले कीं उरलेलीं दालनें पुढच्या खेपेस ठेवून सरळ बाहेर बागेंत यावें.